चढल्याची वेळ

कागद तीन दिवस फ्रिजवर आहे,
कोकमाच्या बाटलीखाली.
'पालकाची सही' असं लिहून पुढे एक रेघ.
वितेश सतरा वर्षांचा, म्हणून ती रेघ माझी.
अठराचा असता तर कदाचित विचारलंही नसतं,
साखळीहून बस, मडगावहून गाडी, झालं.

मी वीज खात्यातला लाइनमन.
पर्ये, केरी, मोर्ले, घोटेली,
कुठला खांब कुठल्या बाजूला कललाय
ते मला अंधारात सांगता येतं.
मुलाचं नाही सांगता आलं.

आमच्याकडची पोरं बोटीवर जातात.
मेव्हण्याचा भाचा क्रूझवर टॉवेलांचे हंस करतो,
सुट्टीवर आला की घराला एक खोली वाढवतो.
नाहीतर सरकारी नोकरी.
त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून
आमदाराच्या ओट्यावर मी चार रविवार बसलो,
फाइल मांडीवर, चपला बाहेर.
पाचव्या रविवारी वितेश म्हणाला,
बाबा, उठा तिथनं.
एवढंच. आवाज चढवला नाही.
त्या दिवसापासून मला त्याची थोडी भीती वाटते.

सैन्यात म्हटल्यावर दुकानावर सगळे हसले.
"गोंयकार आणि बंदूक?" पांडू कामत म्हणाला,
"इथं दुपारचं कोणी शटर उघडत नाही, हा शत्रू बघणार!"
मीही हसलो. तिथं माझी उधारी आहे.
पण पोरगा रोज पहाटे टेकडी चढून येतो
पाठीवर रेतीची पिशवी घेऊन,
वाटेवरच्या कुत्र्यांनीसुद्धा आता भुंकणं सोडलंय.

मग मी मुद्दे काढले.
तिकडची थंडी. एकुलता एक. आईचा रक्तदाब.
तुला धुकं पडलं तरी शिंका येतात.
तो ऐकून घेत राहिला,
आम्ही फॉल्ट समजावून सांगतो तेव्हा
लोक ऐकून घेतात तसा,
दिवे कधी येणार एवढंच डोळ्यांत ठेवून.

ही काही बोलली नाही. खुबे निवडत बसली.
रात्री पंखा कमी करायला उठली, तेव्हा म्हणाली,
बावीस पावसाळे तुम्ही खांबावर.
फणसाची फांदी तारेवर पडली
की मध्यरात्री रेनकोट नाही, बॅटरी नाही, तुम्ही नाही.
मी काळोखात बसून राहायची.
दिवे आले की अख्खी वाडी ओरडायची, आले, आले!
त्यांना पंखे हवे असायचे.
मला कळायचं, तुम्ही खाली उतरलात.

बटणावर बोट तसंच ठेवून उभी राहिली.

ह्याचा दिवा मला इथून कुठून दिसणार?

मला वाटलं, चला, माझ्या बाजूला एक मत वाढलं.
तर म्हणते, सही करा.
पण त्याच्यासमोर माझं मत विचारू नका.
विचारलंत तर खरं सांगेन.

आज सकाळी बाटली उचलली.
कागदावर कोकमाचा लाल गोल,
नेमका रेघेच्या डोक्यावर.
पेन लॉगबुकाचं.
आमच्यात खांबावर चढायला आधी कागद लागतो.
सबस्टेशनातला माणूस लाइन बंद करतो, सही देतो,
त्याच्या शब्दावर आपण उघड्या तारेला हात लावायचा.
तिकडे, पलीकडून, कोण देतं असली सही?
हे मी विचारलं नाही.
लिहिलं, गुरुदास अ. गांवस.
आणि हाताच्या सवयीनं पुढे, ७.४०.

वितेश हसला.
बाबा, इथं वेळ घालायची नसते.

आमच्यात घालतात, मी म्हटलं.
वर गेल्याची.
उतरल्याची जागा रिकामी सोडतात.